'कठीण' हिवाळा आणि 'लांब' हिवाळा : लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या बालकादंबऱ्यांतील कष्टांची भाषा

लॉरा इंगल्स वाइल्डर ह्या अमेरिकन लेखिकेने आपल्या सहाव्या बालकादंबरीला 'द हार्ड विंटर', म्हणजे 'कठीण हिवाळा', असे नाव दिले होते. न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स ह्या प्रकाशनसंस्थेला ते मानवले नाही. मुलांच्या पुस्तकाच्या नावात 'कठीण' हा शब्द नको, असे तिचे म्हणणे पडले. आणि १९४० साली ती कादंबरी 'द लाँग विंटर', म्हणजे 'लांब हिवाळा', ह्या नावाने प्रसिद्ध झाली. आतील मजकुरातली उपासमार, थंडी आणि अंधार जशीच्या तशी राहिली. वेष्टनावर मात्र हिवाळ्याच्या कठीणपणाऐवजी त्याची लांबी तेवढी सांगण्यात आली.

भाषेच्या अभ्यासकाला ह्या एका शब्दाच्या बदलात बरेच काही सापडते. 'कठीण' हे विशेषण सोसणाऱ्याच्या बाजूने बोलते, 'लांब' हे दिनदर्शिकेच्या बाजूने. पहिल्यात निर्णय आहे, दुसऱ्यात मोजमाप. मराठीत ही दोन टोके 'दिवस काढणे' ह्या वाक्प्रचारात एकत्र येतात. 'आम्ही ते दिवस काढले' असे म्हणणारा मनुष्य दिवसांची संख्या सांगत नाही आणि त्यांना वाईट असे विशेषणही लावीत नाही. तरीही ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी कळतात. वाइल्डर यांच्या कादंबऱ्यांतील कष्टांचे निवेदन ह्याच जातीचे आहे. तेथे कष्टांना विशेषणे क्वचित लागतात. ते क्रियापदांतून सांगितले जातात. ह्या पद्धतीने मुलांना काय सांगता आले आणि काय सांगावयाचे राहून गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वाइल्डर यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यात पेपिन गावाजवळ झाला. त्यांचे वडील चार्ल्स इंगल्स हे शेती आणि सुतारकाम दोन्ही जाणणारे, फिडल वाजविणारे आणि एका जागी फार काळ न टिकणारे गृहस्थ होते. विस्कॉन्सिनचे जंगल, कॅन्सासची गवताळ जमीन, पुन्हा विस्कॉन्सिन, मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्ह, आयोवातील बर ओक, पुन्हा वॉलनट ग्रोव्ह आणि १८७९ मध्ये डाकोटा टेरिटरी, असे ह्या कुटुंबाचे स्थलांतर सुमारे दहा वर्षांत घडले. 'लिटल हाऊस इन द बिग वुड्स' हे पहिले पुस्तक १९३२ साली निघाले, तेव्हा लेखिकेचे वय पासष्ट वर्षांचे होते. १९४३ पर्यंत एकंदर आठ कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. वाइल्डर १० फेब्रुवारी १९५७ रोजी वारल्या.

ज्या भूभागाला अमेरिकन इतिहासकार 'फ्रंटियर' म्हणतात त्याला मराठीत 'सीमाप्रदेश' म्हणणे दिशाभूल करणारे होईल; मराठी कानाला त्या शब्दाने बेळगाव आणि कारवार आठवतात. फ्रंटियर म्हणजे गोऱ्या वसाहतीची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड. अमेरिकेच्या जनगणना खात्याने ह्या कडेची व्याख्याही केली होती : जेथे दर चौरस मैलास दोन माणसांपेक्षा कमी वस्ती, तो प्रदेश कडेपलीकडचा. १८९० च्या गणनेनंतर अशी सलग रेषा यापुढे दाखविता येत नाही असे त्या खात्याने सांगितले, आणि फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये त्याच विधानावर आपला प्रसिद्ध सिद्धांत उभारला. ह्या व्याख्येतील 'माणसे' हा शब्द ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे पुढे वळावयाचे आहे.

ह्या कडेवर लोकांना ओढून नेणारा कायदा १८६२ चा. होमस्टेड ॲक्ट ह्या नावाने तो ओळखला जातो. कुटुंबप्रमुखाने किंवा एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने थोडेसे शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर दावा सांगावा, पाच वर्षे तेथे राहून ती कसावी, म्हणजे ती त्याच्या मालकीची होई. कागदावर हा सौदा फार उदार दिसतो. प्रत्यक्षात डाकोटाच्या मैदानात पाऊस बेभरवशाचा, इंधनाला झाड नाही, बाजार रेल्वेच्या कृपेवर, आणि एखादे वर्ष टोळधाडीचे. १८७३ ते १८७७ ह्या काळात मिनेसोटात आणि आसपासच्या प्रदेशांत ज्या टोळांनी उभी पिके खाल्ली ती रॉकी पर्वताकडील टोळांची जात पुढे समूळ नष्ट झाली. तिचा अखेरचा जिवंत नमुना १९०२ साली कॅनडात सापडला. 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक' (१९३७) ह्या कादंबरीत ही टोळधाड आहे. कापणीला आलेला गहू डोळ्यांदेखत जातो आणि वडील मजुरीच्या शोधात पायी पूर्वेकडे निघतात.

तथापि निवेदनपद्धतीच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध कादंबरी 'द लाँग विंटर' हीच होय. तिचा आधार १८८०-८१ चा खराखुरा हिवाळा आहे. ऑक्टोबरच्या मध्यालाच पहिले हिमवादळ आले. डी स्मेट हे गाव रेल्वेबरोबर त्याच वर्षी जन्मलेले. गावाचे धान्य, कोळसा आणि रॉकेल सर्व काही रेल्वेनेच यावयाचे. मैदानातील चढउतार टाळण्यासाठी लोहमार्ग ठिकठिकाणी टेकाडे कापून काढलेल्या खोल चरांतून नेलेला होता. वादळी वारा हे चर बर्फाने काठोकाठ भरून टाकी. मजुरांनी ते उपसावे आणि पुढच्या वादळाने पुन्हा भरावेत. जानेवारी १८८१ मध्ये थांबलेली गाडी मे महिन्यात आली. मधल्या काळात गावात जे होते त्यावर गाव जगले.

आता ही उपासमार मुलांना कशी सांगितली आहे ते पाहावे. कोळसा संपतो. वडील दोन वादळांच्या मधल्या उघडिपीत घसरगाडी जुंपून दलदलीकाठचे वाळलेले गवत आणतात. सुटे गवत क्षणात भडकून विझते. म्हणून त्याची जुडी घट्ट पिळावयाची, दुमडावयाची आणि टोक आत खोचून तिची लाकडासारखी गाठ करावयाची. हे काम वडील लॉराला शिकवितात, आणि लॉराबरोबर वाचकही शिकतो. गाठी भराभर जळतात, म्हणून सतत पिळत राहावे लागते. हात ओरखडतात, सुजतात. पीठ संपते, तेव्हा कॉफी दळण्याच्या छोट्या हातयंत्रात गहू दळावा लागतो. त्या यंत्राच्या तोंडात मूठभरच धान्य मावते, त्यामुळे घरातील प्रत्येकाने पाळीपाळीने दांडा फिरवावयाचा. दृष्टी गेलेली थोरली बहीण मेरी हिला हे काम इतरांइतकेच चांगले जमते. रॉकेल संपते, तेव्हा आई बटणाभोवती चिंधी बांधून तिचे टोक वातीसारखे वर काढते आणि बशीत गाडीच्या आसाचे वंगण घालून त्यात ती ठेवते. आपल्याकडील पणतीची ही दूरची बहीणच म्हणावी.

ह्या वर्णनांत 'बिचारी', 'करुण', 'भयंकर' असे शब्द जवळजवळ नाहीत. निवेदक भुकेबद्दल बोलत नाही. पीठ कसे झाले ते सांगतो. ही नुसती लेखणीची काटकसर आहे असे समजणे चुकीचे ठरेल. तिच्यामागची तयारी आधीच्या पुस्तकांत झालेली आहे. 'लिटल हाऊस इन द बिग वुड्स' मध्ये लोणी कसे घुसळतात, हिवाळ्यात त्याला रंग यावा म्हणून गाजर कसे वापरतात, मांस धुरावर कसे टिकवितात, हे सर्व अशाच क्रमवार क्रियापदांनी सांगितलेले आहे. तेथे ती कृती समृद्धीची होती. 'द लाँग विंटर' मध्ये तेच व्याकरण टंचाईसाठी वापरले जाते आणि पाककृतीतून एकेक जिन्नस गळत जातो. आधी लोणी जाते, मग साखर, मग मांस, मग दळलेले पीठ. ज्या मुलाने पहिले पुस्तक वाचले आहे त्याला पूर्ण कृती ठाऊक असते. म्हणून काय नाही हे त्याला न सांगता कळते. अभावाचे वर्णन करण्याची ही रीत विशेषणांच्या रीतीपेक्षा कितीतरी पटीने परिणामकारक आहे.

कादंबरीच्या उत्तरार्धात ही कृतिवर्णनेही आटत जातात. पिळणे, दळणे, खाणे, निजणे ह्यांची नुसती आवर्तने उरतात. लॉराला स्वतःचे डोके मंदावल्यासारखे वाटू लागते आणि वाक्यांनाही तो मंदपणा चढतो. ह्या भागातील सर्वांत हृद्य प्रसंग पुन्हा हातांचाच आहे. संकटात घराला धीर देणारे वडिलांचे फिडल वाजत नाही, कारण थंडीने आणि कामाने त्यांची बोटे ताठरली आहेत. लेखिका येथे टीका-टिप्पणी करीत नाही. वाद्य पेटीत परत जाते, इतकेच.

संपूर्ण मालिका साधारणतः लॉराच्या दृष्टीने पाहते. 'फार्मर बॉय' ही १९३३ ची कादंबरी तेवढी तिच्या भावी पतीच्या बालपणाविषयी आहे. 'द लाँग विंटर' मध्ये मात्र काही प्रकरणांत निवेदन लॉराचे घर सोडून रस्त्यापलीकडे, आल्मान्झो आणि रॉयल वाइल्डर ह्या तरुण भावांच्या दुकानात जाते. तेथे धिरड्यांसारखे पॅनकेक आणि मांस भाजले जात आहे. आल्मान्झोने आपला बियाण्याचा गहू खोट्या भिंतीमागे लपविला आहे. वाचकाला हे कळते, लॉराला कळत नाही; आणि तिचे वडील एके दिवशी बादली घेऊन येतात, भिंतीतील बूच अचूक काढतात आणि गहू भरून घेतात. पुढे आल्मान्झो एका सोबत्याबरोबर वादळाचा धोका पत्करून दूरच्या एका वसाहतकाराकडून गावासाठी गहू आणतो आणि ज्या दुकानदाराने त्यासाठी पैसे घातले तो तिप्पट-दुप्पट भाव सांगू लागतो. गावकरी त्याला बजावतात की हिवाळा कधीतरी संपेल आणि त्यानंतरही त्याला ह्याच गावात दुकान चालवावयाचे आहे. बियाणे खावे की राखावे, टंचाईत भाव कोणी ठरवावा, हे शेतकऱ्याच्या जीवनातले खरे प्रश्न आहेत. दुष्काळाच्या कथा ऐकून वाढलेल्या वाचकाला ते नवे वाटणार नाहीत. पण दहा वर्षांच्या मुलापुढे ते इतक्या स्वच्छपणे मांडलेले क्वचितच आढळतात.

ह्या निवेदनाला तृतीय पुरुषाची जोड आहे. वाइल्डर यांनी सुमारे १९३० साली आपल्या आठवणी 'पायोनिअर गर्ल' ह्या नावाने प्रौढ वाचकांसाठी प्रथमपुरुषी लिहिल्या होत्या. त्या कोणत्याही प्रकाशकाने घेतल्या नाहीत. सटीप आवृत्तीच्या रूपाने त्या २०१४ मध्ये बाहेर आल्या. मुलांसाठी लिहिताना 'मी' ची 'लॉरा' झाली. मराठी अभ्यासकाला येथे 'श्यामची आई' हे १९३५ चे, म्हणजे 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' च्याच वर्षीचे, पुस्तक आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही गरिबी आहे, कर्ज आहे, लेखकाचे स्वतःचे बालपण आहे. परंतु तेथे मोठा झालेला श्याम रात्री मित्रांना आपली गोष्ट सांगतो. कष्ट आणि त्यांचा अर्थ दोन्ही एकाच मुखातून येतात आणि अश्रूंना मज्जाव नाही. वाइल्डर यांच्या लॉराला आपल्या कष्टांचा अर्थ ठाऊक नाही. तिला फक्त पुढचे काम ठाऊक आहे. दोन्ही रीतींचे आपापले सामर्थ्य आहे आणि एकीच्या मापाने दुसरी मोजण्यात अर्थ नाही.

लॉराला जे ठाऊक नाही ते निवेदकही सहसा सांगत नाही. ह्याला एक लक्षणीय अपवाद आहे. 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' मध्ये सारे कुटुंब हिवतापाने आडवे होते. शेजारीपाजारी रात्रीच्या हवेला आणि कलिंगडांना दोष देतात. येथे निवेदक क्षणभर मुलीची दृष्टी सोडून सांगतो की हा ताप डासांमुळे होतो हे त्या काळी कोणाला माहीत नव्हते. कुटुंबाचा कॅन्सासमधील मुक्काम १८६९ ते १८७१ चा. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी पाहिले ते १८९७ मध्ये. म्हणजे आवश्यक वाटले तेव्हा आपल्या काळाचे ज्ञान मुलांच्या हाती देण्यास लेखिका कचरत नव्हती. हा अपवाद विसरू नये, कारण जेथे असे ज्ञान दिले गेले नाही तेथे ते न देण्याची निवड झालेली आहे.

वाइल्डर यांनी १९३७ साली डेट्रॉइट येथील भाषणात म्हटले होते की आपण सांगितले ते सारे खरे आहे, पण सारेच खरे आपण सांगितलेले नाही. जे सांगितले नाही त्याची काही उदाहरणे आता सर्वज्ञात आहेत. १८७५ च्या नोव्हेंबरात जन्मलेला लॉराचा धाकटा भाऊ नऊ महिन्यांचा होऊन वारला. कादंबऱ्यांत तो जन्मलाच नाही. टोळधाडीनंतर कुटुंब बर ओक येथे एका हॉटेलात काम करून राहिले आणि देणे न चुकविता एका रात्री गाव सोडून गेले. हा सारा काळ 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक' आणि 'बाय द शोअर्स ऑफ सिल्व्हर लेक' (१९३९) ह्यांच्या मधल्या फटीत नाहीसा झाला आहे. मेरीची दृष्टी १८७९ मध्ये गेली. कादंबरीत त्याचे कारण स्कार्लेट फीव्हर असे दिले आहे, तर २०१३ साली 'पीडिॲट्रिक्स' ह्या नियतकालिकातील वैद्यकीय लेखाने मेंदू व त्यावरील आवरण यांचा विषाणुजन्य दाह हे कारण अधिक संभवनीय ठरविले. हा फरक गौण आहे. मेरीच्या शिक्षणासंबंधीचा फरक तसा नाही. आयोवातील अंधशाळेत तिचे शुल्क डाकोटा टेरिटरीच्या शासनाने भरले; कादंबऱ्यांत मात्र तिचे शिक्षण सर्वस्वी कुटुंबाच्या काटकसरीवर आणि लॉराच्या कमाईवर झालेले दिसते. त्या कठीण हिवाळ्यात इंगल्स यांच्या घरात एक तरुण जोडपे आणि त्यांचे तान्हे मूल मुक्कामाला होते. 'द लाँग विंटर' मध्ये ते तिघेही नाहीत. कॅन्सासमधील घर कादंबरीत इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर आहे. प्रत्यक्षात ते सुमारे तेरा मैलांवर होते.

ही वगळलेली स्थळे एका ओळीत ठेवली की त्यांच्यातील सूत्र दिसू लागते. केवळ दुःखद म्हणून ती गाळली असे म्हणता येत नाही, कारण मेरीचे अंधत्व तर कथेत आहे. ज्या कष्टावर घरातल्यांचे हात काही उपाय करू शकतात तो कष्ट राहिला. ज्यावर कोणाचेच हात चालले नाहीत, जसे तान्ह्या भावाचे मरण, किंवा ज्यावर परक्याचा वा शासनाचा हात चालला, तो गेला. कृतीच्या क्रियापदांतून कष्ट सांगणाऱ्या व्याकरणाला कर्ता लागतो, आणि तो कर्ता घरातलाच असावा असा ह्या मालिकेचा अलिखित नियम आहे. त्यामागे लेखिकेची कन्या रोझ वाइल्डर लेन हिचा वाटा किती, हा जुना वाद आहे. विल्यम होल्ट्झ यांनी १९९३ मध्ये लेन हिला जवळजवळ मूळ लेखिकाच ठरविले. हस्तलिखिते आणि मायलेकींची पत्रे पाहता आईची सामग्री व मुलीचे जबर संपादन असा संयुक्त व्यवहार मानणे अधिक योग्य. लेन ही रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील' ची कडवी विरोधक होती हे कॅरोलिन फ्रेझर यांनी 'प्रेअरी फायर्स' (२०१७) ह्या चरित्रात विस्ताराने दाखविले आहे. स्वावलंबी एकाकी कुटुंबाच्या चित्राला मंदीच्या वर्षांत राजकीय अर्थ होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

हा नियम मोडला तर काय होते तेही पाहावयास मिळते. वाइल्डर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदांत सापडलेले, संस्कार न झालेले एक हस्तलिखित १९७१ साली 'द फर्स्ट फोर इयर्स' ह्या नावाने छापण्यात आले. लॉरा आणि आल्मान्झो यांच्या संसाराची ती पहिली वर्षे आहेत. अवर्षण, व्याज, घटसर्प, आल्मान्झोला आलेला पांगळेपणा, नाव ठेवण्यापूर्वीच गेलेला मुलगा, जळून गेलेले घर. येथे कामाची वर्णने आहेत, पण कामाने काही सुटत नाही. त्यांची जागा हळूहळू कर्जाच्या आकड्यांनी घेतली आहे. आधीच्या पुस्तकांवर प्रेम करणारे अनेक वाचक ह्या पुस्तकाने खट्टू होतात. 'कठीण' हा शब्द जर कोठे छापावयाचा असता तर तो येथे.

आता पूर्वी राखून ठेवलेल्या 'माणसे' ह्या शब्दाकडे. 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' च्या १९३५ च्या आवृत्तीत आरंभीच पश्चिमेकडील प्रदेशाचे वर्णन येते. तेथे रानटी जनावरे मोकळी हिंडतात असे सांगून, तेथे माणसे नव्हती, केवळ इंडियन राहत होते, अशा अर्थाचे विधान केले होते. १९५२ मध्ये एका वाचकाने पत्र लिहून ते प्रकाशनसंस्थेच्या नजरेस आणले. तोवर तेथे ते कोणाच्याच लक्षात आलेले नव्हते. संपादिका अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी लेखिकेस विचारले. वाइल्डर यांनी चूक तात्काळ कबूल केली आणि १९५३ च्या आवृत्तीत 'माणसे' च्या जागी 'वसाहतकार' हा शब्द आला.

दुरुस्ती प्रामाणिक होती. पण तिने काय साधले? ज्या प्रदेशात वसाहत झाली नव्हती तेथे वसाहतकार नव्हते, हे विधान खरे असले तरी पोकळ आहे. मूळ वाक्यात निदान एक समजूत उघड बोलत होती. नव्या वाक्यात ती मुकी झाली, परिच्छेदाचा ओघ मात्र तसाच राहिला. ही समजूत एका लेखिकेची नव्हती. अमेरिकेच्या संविधानाने प्रतिनिधित्वाच्या मोजणीतून कर न देणारे इंडियन वगळले होते, आणि जनगणनेत जमातींच्या भूमीवर राहणारे मूलनिवासी सर्वसाधारण लोकसंख्येत धरले जात नसत. दर चौरस मैलास दोन माणसे ह्या व्याख्येने जी कड नकाशावर उमटली ती अशा मोजणीची होती. मराठी भाषांतरकाराला येथे दुहेरी सावध राहावे लागेल. 'निर्मनुष्य', 'ओसाड', 'चिटपाखरू नसलेला' असे आपले सहज सुचणारे शब्द १९५३ मध्ये काढलेली चूक मागील दाराने परत आणतात. शिवाय मराठीत 'आपली माणसे' म्हटले की माणूस ह्या शब्दाची कक्षा नात्यापुरती होते, ही अडचण इंग्रजीपुरती नाही.

ही जमीन कोणाची होती हे इतिहासाला पक्के ठाऊक आहे. इंगल्स कुटुंबाचे नाव १८७० च्या जनगणनेत माँटगोमेरी काउंटीतील रटलंड टाउनशिपमध्ये आहे. तो भाग ओसेज जमातीसाठी राखून ठेवलेला होता. होमस्टेड कायदा तेथे लागू नव्हता आणि वसाहतकारांचा तेथील मुक्काम बेकायदा होता. १५ जुलै १८७० च्या कायद्याने ओसेजांना आजच्या ओक्लाहोमातील प्रदेशात हलविण्याची आणि त्यांची जमीन विकण्याची तरतूद झाली. कादंबरीत वडील शासनाच्या सैनिकांच्या भीतीने संतापून घर सोडतात. वस्तुतः विस्कॉन्सिनमधील शेत ज्याला विकले होते त्याला पैसे भरता न आल्याने कुटुंब परतले. हिवतापाच्या बाबतीत पुढच्या काळाचे ज्ञान वाचकाला देणारा निवेदक येथे गप्प राहतो.

तथापि कादंबरी स्वतः अगदी गप्प नाही. इंडियन लोकांना येथून का जावे लागणार, असे लॉरा वडिलांना विचारते. गोरे वसाहतकार आले की त्यांना पुढे सरकावे लागते, असे उत्तर मिळते. लॉराचे समाधान होत नाही. ही तर त्यांचीच भूमी आहे, मग त्यांना राग येणार नाही का, असे ती विचारू लागते आणि वाक्य पुरे होण्याआधीच वडील तिला झोपावयास सांगतात. मूळ इंग्रजीत तिचे वाक्य क्रियापद येण्यापूर्वी तुटते. क्रियापदांवर जगणाऱ्या ह्या मालिकेत ज्या ठिकाणी क्रियापद उच्चारू दिले गेले नाही असे हे ठिकाण आहे. पुढे ओसेजांची लांब रांग घरावरून जाते, लॉरा घोड्यावरील एका तान्ह्या मुलाकडे पाहून रडू लागते आणि तिला ते मूल हवे असते. का, हे तिला सांगता येत नाही, आईला समजत नाही. ह्या प्रसंगाबद्दल टीकाकारांत तीव्र मतभेद आहेत. मूल मागण्यात मालकीची हाव पाहणारे आहेत, अपराधाची अस्फुट जाणीव पाहणारेही आहेत. मजकूर दोन्ही वाचनांना जागा देतो. अमेरिकेच्या बालग्रंथपालांच्या संघटनेने १९५४ पासून वाइल्डर यांच्या नावे दिला जाणारा पुरस्कार २०१८ मध्ये 'चिल्ड्रन्स लिटरेचर लेगसी अवॉर्ड' असा केला. पुस्तके ग्रंथालयांतून काढलेली नाहीत.

लॉराच्या तुटलेल्या वाक्याला जोडून वाचावी अशी एक कादंबरी १९९९ साली आली. लुईस एर्ड्रिक ह्या ओजिब्वे परंपरेतील लेखिकेची 'द बर्चबार्क हाऊस'. काळ १८४७, स्थळ सुपीरियर सरोवरातील एक बेट, नायिका ओमाकायास ही सात वर्षांची मुलगी. नवल असे की तिची भाषा वाइल्डर यांना अपरिचित वाटली नसती. कथेच्या आरंभी आजी आणि नात बर्च झाडाची साल काढतात. आजी आधी झाडाला तंबाखू अर्पण करते, मग साल कशी सोलावी, घर कसे उभारावे, हे क्रमाने येते. पुढे कातडी कमावणे आहे, साखर करणे आहे, कावळे हाकलणे आहे. कष्ट तेथेही क्रियापदांतूनच सांगितलेले आहेत, फक्त ज्यांना मोजले नव्हते ते आता कर्ते आहेत. पुढे हिवाळा येतो आणि एका पाहुण्याबरोबर देवीची साथ येते. आजी आणि ओमाकायास रोग्यांची शुश्रूषा करतात, औषधे उकळतात, पाणी पाजतात, आणि ती सारी कामे तपशीलवार सांगितली जातात. त्यांचा उपयोग होत नाही. ओमाकायासचा तान्हा भाऊ नीवो तिच्या हातांत मरतो, आणि ते मरण पुस्तकात सांगितलेले आहे.